थांबलं की सांगा

सकाळी सहाला युस्रा रात्र आमच्या हवाली करते:
पेजर, गार झालेली कॉफी, सतरा नावं.
"नऊ नंबर, तीनला झटका, आता झोपलाय.
चौदा, शांत.
बावीसच्या मुलीला बोलायचंय. कशाबद्दल ते तुम्हीच बघा."
आणि निघते, एक हात कोटात, एक बाहेर.

यादीची चौघडी खिशात.
प्रत्येक कामापुढे रिकामा चौकोन:
सांगितलं की अर्धा रंगवायचा, झालं की पूर्ण.
टोबायसचे दुपारपर्यंत काळे होतात.
माझे अर्धेच, ग्रहण लागून राहिल्यासारखे.
तो पहिल्या वर्षाचा, मी दुसऱ्या, डेव्हरो चौथ्या.
मला वाटायचं, चुकायची मुभा वर्षागणिक कमी होत जाते.
कमी नाही होत, डेव्हरो म्हणतो, महाग होते.

राउंडला डॉ. पेटिनाटो कधीच विचारत नाहीत, काय झालं.
विचारतात, कुठे?
मेंदूत, मणक्यात, नसेत,
की नस स्नायूला भेटते त्या चिंचोळ्या फटीत?
कुठे ते आधी सांगा. काय ते मागून चालत येतं.
सात माणसं दाटीवाटीनं
एका बाईच्या डाव्या भुवईकडे बघत उभी.

अकराला पेजर ओरडतो.
लिफ्टची वाट कोण बघतंय, जिना.
खाली लेनर्ड ह्राबोव्स्की, वय एकोणऐंशी,
मनॉन्गहेलाच्या काठी क्रेन चालवायचे, पोलाद होतं तोवर.
उजवा हात गादीवर, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
बायकोला एकच विचारायचं:
धडधाकट असे शेवटचे कधी पाहिलेत?
डोलोरेस म्हणाली, नऊ वाजून दहा मिनिटांनी.
पेपर बर्फात टाकला म्हणून पोराला शिव्या घातल्या,
अगदी स्पष्ट.
मग मी आंघोळीला गेले.

घड्याळ तिथून सुरू होतं,
पडले तिथून नाही.
तिची आंघोळ आम्ही हिशेबात धरतो, पूर्ण वीस मिनिटं.
तिला ते कळतं.

औषध वेळेत गेलं. हात थोडा परतला.
शब्द नाही.
तिसऱ्या दिवशी पेन दाखवलं, चावी दाखवली, डोलोरेस दाखवली.
ओठ जुळतात, सुटतात. डोळ्यांत सगळं समजतंय.
मग डेव्हरो नुसता म्हणाला, सोमवार,
आणि ह्राबोव्स्की निघाले:
मंगळवार बुधवार गुरुवार, न अडखळता, थेट रविवारपर्यंत,
आणि तिथे पोचून दचकले, की हे कोण बोललं.

मला ही जागा माहीत आहे.
सव्वीस तास जागल्यावर स्वतःचा पत्ता आठवत नाही
पण एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी
कुणी न विचारता चालू असतं आत.
न समजता पाठ केलेलं
सगळ्यात शेवटी जातं, बहुतेक.

नादकाटा तळहाताच्या कडेवर आपटला,
त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.
मिरजेत मामा सतारीची जवारी काढायचा,
घोडीवर कानस एकदा, मग कान, परत एकदा कानस,
आणि आम्हा पोरांना श्वाससुद्धा घ्यायची बंदी.
थरथर थांबली की सांगा, म्हटलं.
सांगणार कसे? मीच ओशाळले.
त्यांनी डावं बोट वर केलं.
नादकाटा उचलून माझ्या अंगठ्यावर टेकवला:
चालूच होता.
अजून चालू.
मी तो संपेपर्यंत धरून ठेवला, कामं पडली असताना.

नोंदीत लिहिलं, कंपनसंवेदना किंचित कमी.
चौकोन पूर्ण रंगवला.

संध्याकाळी युस्रा कोट काढता काढता विचारते,
अठरा नंबर?
वार येतात, म्हटलं. नावं नाहीत.
ती लिहून घेते.

बाहेर टेकडीच्या उतारावर मीठ टाकलेला बर्फ,
खाली पुलांचे दिवे.
बसथांब्यावर एका म्हातारीनं विचारलं, आज वार कोणता.
मला सोमवारपासून म्हणत यावं लागलं.